शास्त्री रस्ता ते कृष्णाघाट

चैत्र उजाडला की आपल्याकडील घरांत दोन वाळवणे एकदमच पडतात. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात, आणि आतल्या खोलीत पुस्तकांपुढे मुले. पहिल्या वाळवणाची निगा कशी राखावी हे घरातील प्रत्येक बाईमाणसास उत्तम ठाऊक असते; दुसऱ्याविषयी मात्र "बसला आहे ना अभ्यासाला? मग झाले!" एवढ्यावरच आपणां सर्वांची विचारपूस संपते. आमचीही ती तेथेच संपत असे. परंतु गेल्या चैत्रात पुण्याहून वाईपर्यंत जो एक लहानसा प्रवास घडला, त्याने आमच्या या समजुतीस चांगलाच धक्का दिला. म्हणून तो वाचकांस सांगावासा वाटतो.

प्रवासाचे निमित्त असे झाले. आम्ही सारे भाऊ सांगलीस एकत्र राहतो. वडील बंधूंचा मुलगा पदवी घेऊन तीन वर्षे पुण्यास राहिला होता व राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करीत होता. दोन वेळा तो पूर्वपरीक्षेतच अडला. वैशाखात धाकट्या बंधूंच्या मुलाची मुंज ठरली, तेव्हा वडील बंधू आम्हांस म्हणाले, "मुंजीसाठी त्याला घेऊन ये. आणि तेथे गेल्यावर नीट डोळे उघडे ठेवून पाहा. मुलगा खरोखर अभ्यास करीत असेल, तर आणखी एक वर्ष देऊ. नसेल, तर त्याचे सामानसुमानही बरोबरच आण." वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्या त्या वेळी काही बोलल्या नाहीत, पण निघताना लाडवांचा डबा हाती देऊन एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, त्याला रागावू मात्र नका." ही दोन वाक्ये पदरी घेऊन आम्ही पुण्यास उतरलो.

पुण्याच्या नव्या पेठेतून जाणारा शास्त्री रस्ता ज्यांनी अलीकडे पाहिला नसेल, त्यांनी तो एकदा अवश्य पाहावा. नगर, बीड, लातूर, सोलापूर, जळगाव, नांदेड, महाराष्ट्रातील बहुतेक सर्व जिल्ह्यांची तरुण मुले-मुली येथे भेटतात. पाठीवर पिशवी, हातात पाण्याची बाटली आणि काखेत झेरॉक्स प्रतींचे बांधीव बाड, असा येथील सर्वसाधारण वेष. चहाच्या टपरीवरदेखील बोलणे चालते ते राज्यघटनेच्या कलमांचे, नाही तर गेल्या वेळी किती गुणांवर यादी थांबली त्याचे. खानावळीच्या फळ्यावर भाजीचे नाव आणि शेजारच्या भिंतीवर शिकवणीवर्गाची जाहिरात. एखाद्या क्षेत्राच्या ठिकाणी जसे सर्व व्यवहार देवाभोवती फिरतात, तसे येथील सारे व्यवहार परीक्षेभोवती फिरतात. आणि क्षेत्राच्या ठिकाणी जसे नवस फेडणाऱ्यांपेक्षा नवस बोलणारेच पुष्कळ, तशीच येथेही स्थिती आहे; जागा शेकड्यांनी, आणि उमेदवार लाखांनी.

पुतण्याची अभ्यासिका एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. दाराबाहेर चपलांची रास, आत लाकडी फळ्यांनी पाडलेले लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यास क्रमांक, एक दिवा, एक खुर्ची आणि समोरच्या फळीवर चिकटविलेले वेळापत्रक. साठ-सत्तर माणसे बसली असूनही पंख्यांच्या घरघरीखेरीज आवाज नव्हता. ती शांतता पाहून आमचे मन प्रथमदर्शनी अगदी भरून आले. एवढ्या निष्ठेने बसणारी मुले नापास होतात तरी कशी, असाच प्रश्न पडला.

पुतण्या सकाळी सातास येई आणि रात्री दहास उठे. जेवणखाण व चहा वजा जाता बारा तासांची बैठक. त्याने आपले इतिहासाचे पुस्तक आम्हांस अभिमानाने दाखविले. पान न् पान पिवळ्या, हिरव्या व गुलाबी शाईने रंगलेले होते. "काका, हे माझे पाचवे वाचन आहे," तो म्हणाला. आम्ही जिना उतरून खाली आलो, चहा मागविला, आणि सहज विचारल्यासारखे केले, "काल दिवसभर काय वाचलेस?"

"एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र. सभा, समाज आणि सुधारक."

"मग पुस्तक मिटून ठेव आणि मला सांग बरे. मी काही परीक्षक नव्हे. मला समजेल असे सांग."

त्याने उत्साहाने प्रारंभ केला. चार-पाच वाक्ये बरी गेली. मग तो अडखळला. सार्वजनिक सभेचे साल १८७३ म्हणाला, सत्यशोधक समाजाचे १८७०. मग स्वतःच थबकला, दोन्ही उलटसुलट केली, आणि शेवटी कोणते कोणाचे हे त्याला निश्चयाने सांगता येईना. चहा गार झाला. तो खाली मान घालून म्हणाला, "वाचताना सगळे ओळखीचे वाटते, काका. प्रश्नपत्रिका हातात आली की असेच होते. चार पर्यायांतले दोन खरे वाटतात."

वहिनींचे शब्द आठवून आम्ही रागावलो नाही. खरे सांगावयाचे तर रागावण्याजोगे काही नव्हतेच. मुलगा आळशी नव्हता, उनाड नव्हता, श्रमांत कसूर करीत नव्हता. तो बारा तास बसत होता व पाचव्यांदा वाचीत होता. आणि नेमके तेथेच पाणी मुरत होते. रोज दारावरून जाणारा मनुष्य आपण चेहऱ्याने ओळखतो, परंतु त्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही. पुस्तकाच्या पानाशी त्याची ओळख अशीच झाली होती. परीक्षा मात्र नाव विचारते. आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापूनही घेते.

दुपार मोकळी होती. आम्ही त्यास म्हटले, "चल, पाय मोकळे करून येऊ." नव्या पेठेतून सदाशिव पेठेत शिरून आम्ही बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यापाशी आलो. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. त्याचे कोरीव लाकडी खांब व दर्शनी सज्जा आजही पाहणाऱ्यास उभे करतात. पेशवाई गेल्यानंतर इंग्रज सरकारने १८२१ साली येथेच संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांच्या कारकिर्दीत श्रावणमासी विद्वानांस जी दक्षिणा वाटली जात असे, तिच्याच निधीतून हा खर्च चालविला गेला. या पाठशाळेतूनच पुढे डेक्कन कॉलेज वाढले. तेथून अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागी गेलो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती येथे. जीर्ण झालेली ती वास्तू स्मारकासाठी २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आली.

पुतण्या बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तीन वर्षे मी येथून अर्ध्या तासाच्या वाटेवर राहतो. हे साल मी पाच वेळा अधोरेखित केले. पण कधी येथे आलो नाही." आम्ही त्यास परत जाताना वाटेत तोच भाग पुन्हा सांगावयास लावला. सार्वजनिक सभा आधी, १८७० मध्ये, आणि सत्यशोधक समाज नंतर, २४ सप्टेंबर १८७३ रोजी; दोन्ही याच पुण्यात; एका संस्थेचे तोंड सरकारकडे व दुसरीचे समाजातील विषमतेकडे, असा भेद त्याने स्वतःच जुळवून सांगितला. या वेळी तो चुकला नाही.

त्या रात्री त्याच्या खोलीवर आम्ही त्यास दोन संशोधनांची हकिगत सांगितली. ती येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. ज्या १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघाले, त्याच साली हेरमान एबिंगहाउस या जर्मन पंडिताचा स्मरणशक्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. या गृहस्थाने प्रयोगासाठी दुसरे कोणी न घेता स्वतःसच राबविले. निरर्थक अक्षरांच्या माळा करावयाच्या, त्या पाठ करावयाच्या, आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजावयाचे. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, आणि महिन्याने अवघे २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा मोठा घाव पहिल्या दिवसातच बसतो. पुढची गळती संथ असते. याहून मोलाची गोष्ट त्याला दिसली ती अशी, की एकाच दिवशी लागोपाठ ६८ आवृत्त्या करून जो लाभ होई, तोच लाभ तीन दिवसांत वाटलेल्या केवळ ३८ आवृत्त्यांनी होई. पाऊस एका रात्रीत कोसळला तर वाहून जातो, तोच आठ दिवस झिमझिमला तर जमिनीत मुरतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. विद्यार्थ्यास मात्र सांगावे लागते.

दुसरे संशोधन अगदी अलीकडचे, २००६ सालचे. अमेरिकेत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने एक उतारा चार पाळ्यांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तीन पाळ्यांत वाचला व चौथ्या पाळीत न पाहता आठवून लिहिला. तिसऱ्याने एकाच पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारेच पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवत होते, तर तिसऱ्या गटास ७१ टक्के. परंतु आठवड्याने पाहिले, तो पारडे उलटले. नुसते वाचणाऱ्यांपाशी ४० टक्के उरले होते, एकदा आठवून लिहिणाऱ्यांपाशी ५६, आणि तीनदा लिहिणाऱ्यांपाशी ६१. गंमत अशी, की आपल्याला सर्वांत अधिक आठवेल असा विश्वास होता तो नुसत्या वाचणाऱ्यांनाच!

"म्हणजे माझेच चित्र काढले आहे," पुतण्या म्हणाला. पण त्याच्या स्वरात शंका होती. "काका, आठवू लागलो की जीव नकोसा होतो. पुस्तक उघडे असले म्हणजे निदान काही चालले आहे असे तरी वाटते." या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी त्या रात्री नव्हते. ते वाईस मिळाले.

सांगलीच्या वाटेवर वाईस एक मुक्काम करावा, असे आम्ही आधीच ठरविले होते. कारण तेथे आमच्या परिचयाचे एक वृद्ध घनपाठी गुरुजी राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटहून एस. टी. ने निघालो. कात्रज मागे पडला, खंबाटकीचा घाट चढून गाडी पलीकडे उतरली आणि सुरूर फाट्यावरून उजवीकडे वळली. उन्हाने माळ करपले होते. पण वाई जवळ येऊ लागली तशी झाडी दाट झाली, उसाची हिरवी शेते दिसू लागली, आणि पांडवगडाच्या पायथ्याशी वसलेले ते गाव एखाद्या जुन्या पोथीच्या पानासारखे समोर उलगडले.

कृष्णेचे पात्र उन्हाळ्यामुळे लहान झाले होते, तरी घाटाच्या पायऱ्यांची शोभा कमी झाली नव्हती. रास्ते घराण्याने १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ नदीच्या अगदी काठी आहे. त्याची मागची भिंत सरळ न बांधता मत्स्याकार निमुळती केली आहे. हेतू हा, की पुराचे पाणी भिंतीवर आदळण्याऐवजी दोहों बाजूंनी दुभंगून जावे. ज्याने ही भिंत कल्पिली त्याने पूर येणारच हे धरून बांधकाम केले. विस्मरणही असेच येणारच. ते धरूनच अभ्यासाची रचना व्हावयास हवी, असा विचार तेथे उभे असता आमच्या मनात आला.

सायंकाळी घाटावर गुरुजींची गाठ पडली. नमस्कार-चमत्कार झाल्यावर आम्ही पुतण्याची अडचण त्यांच्या कानी घातली आणि विचारले, "गुरुजी, आपण एवढी संहिता मुखोद्गत कशी केलीत? आजकाल तर लोक त्याला घोकंपट्टी म्हणतात."

गुरुजी हसले. "म्हणोत बापडे. पण घोकणे कसे होते ते तरी त्यांनी पाहावे. बाळ, आम्हांला पोथीतून वाचून पाठ करण्याची मुभाच नव्हती. गुरूने संथा द्यावी, आम्ही ती म्हणावी, आणि दुसऱ्या दिवशी कालची संथा न पाहता म्हणून दाखविल्यावाचून पुढची मिळू नये. एवढ्यावर भागत नसे. आधी सरळ संहिता. मग प्रत्येक पद सुटे करून पदपाठ. मग जोड्या लावून क्रम. त्यापुढे जटा आणि घन." त्यांनी मंत्राऐवजी बोटांवर अंक घेऊन घनाची रीत दाखविली. "एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दोनापासून पुन्हा तसेच. उलट आले की ओघावर स्वार होऊन पुढे जाता येत नाही. प्रत्येक पद नव्याने आठवावे लागते. त्यात एक स्वर चुकला की गुरुजींची छडी हलली म्हणून समजावे."

"कंटाळा येत नसे?" पुतण्याने विचारले.

"येत असे की! डोके शिणून जाई. पण आमचे गुरुजी म्हणत, जेथे अडते तेथेच पाठ होते. जे सुरळीत येते ते आधीच झालेले असते. त्याला पुनःपुन्हा कुरवाळून काय उपयोग? आणि हो, प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, हे अनध्याय. त्या दिवशी नवी संथा नाही. मनालाही मुरावयास दिवस लागतो."

पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आदल्या रात्रीची जर्मन व अमेरिकन मंडळी कृष्णेच्या घाटावर येऊन बसल्यासारखे त्यालाही वाटले असावे. पुस्तक मिटून आठवणे, अंतराअंतराने आवृत्ती करणे, क्रम मोडून विचारणे, चूक झाली की तत्काळ सुधारणे आणि विश्रांतीस जागा ठेवणे, हे सारे त्या जुन्या रीतीत होते. हे पठण केवळ तोंडी परंपरेने एवढे शुद्ध टिकले, म्हणूनच युनेस्कोने २००३ साली त्याचा गौरव केला व २००८ साली त्यास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

तथापि गुरुजींनी जाता जाता जे सांगितले तेही येथे सांगितलेच पाहिजे. ते म्हणाले, "आमच्या विद्येतही एक वैगुण्य राहिले. पुष्कळांना अक्षर न् अक्षर येई, पण अर्थ विचारला तर मौन. तुला मात्र अर्थावाचून गती नाही. तेव्हा आमची आठवण घे, मौन घेऊ नकोस." आपल्या विद्येविषयी एवढ्या निरभिमानाने बोलणारी माणसे विरळाच.

वाईची विद्येची परंपरा वेदपठणापुरती नव्हती हे वाचकांस विदित असेलच. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच, आणि मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केले तेही याच गावी. विनोबा भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले, ते वाटेत सुरतेसच उतरून काशीस गेले. आणि पुढच्याच वर्षी महात्माजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईस येऊन नारायणशास्त्र्यांपाशी उपनिषदे व ब्रह्मसूत्रे अभ्यासू लागले. हे ऐकून पुतण्या प्रथमच मोकळेपणाने हसला. "काका, म्हणजे परीक्षा सोडणाराच खरा विद्यार्थी!" आम्हीही हसलो. परंतु त्या विनोदात एक मोठे सांत्वन होते. परीक्षेत यश येवो वा न येवो, जे नीट शिकले ते कोणी हिरावून घेत नाही. उलट जे नुसते नजरेखालून गेले, ते परीक्षा होण्यापूर्वीच निघून गेलेले असते.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ओसरीवर पुतण्या एक कोरी वही घेऊन बसला. पुस्तक पिशवीतच होते. पुण्यात पाहिलेल्या व सांगितलेल्या भागाविषयी जे जे आठवेल ते त्याने लिहून काढले, मग पुस्तक उघडून तांबड्या शाईने चुका व उणिवा भरल्या. दीड पान काळे आणि एक पान तांबडे झाले. ते तांबडे पान पाहून त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "तीन वर्षांत बाबांचे इतके पैसे गेले, आणि मला हे आजवर दिसलेच नाही." आम्ही त्यास एवढेच म्हटले, "अरे, हे पान परीक्षेच्या मांडवात दिसण्यापेक्षा वाईच्या ओसरीवर दिसले, यात नुकसान कोणते?"

वाईहून सातारा, कऱ्हाड करीत सांगलीस पोहोचेपर्यंत गाडीतच पुढील वर्षाची आखणी झाली. ती थोडक्यात अशी. रोज जे शिकावयाचे ते समजून एकदा वाचावे व लगेच पुस्तक मिटून लिहावे. तोच भाग दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि पुन्हा महिन्याने, दर वेळी आधी आठवून व नंतर पाहून तपासावा. दिवसभर एकच विषय न रेटता दोन-तीन विषय आलटूनपालटून घ्यावेत. प्रश्नपत्रिकेत प्रश्न आपले गाव व गोत्र सांगत येत नाहीत. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका व उत्तरतालिका उपलब्ध आहेत. दर आठवड्यास एक, घड्याळ लावून, सोडवावी. जे उत्तर चुकले ते का चुकले, ठाऊक नव्हते म्हणून की ठाऊक असून घाई केली म्हणून, याची वेगळी वही ठेवावी. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे आयोगाने ठरविल्यामुळे, न पाहता लिहिण्याचा सराव आता दुहेरी उपयोगाचा आहे. आणि रात्री दहानंतर जागू नये. जेन्किन्स व डॅलनबाख यांनी १९२४ सालीच दाखविले होते, की शिकल्यावर झोपलेला मनुष्य तेवढाच वेळ जागणाऱ्यापेक्षा कमी विसरतो. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री चहावर चहा पाजून मुलास जागे ठेवणाऱ्या माउलींनी आपली माया दुसऱ्या वाटेने वळवावी हे बरे.

घरी पोहोचताच वडील बंधूंनी विचारले, "सामान आणलेस?"

आम्ही म्हटले, "नाही. परंतु दादा, तुम्ही विचारले होते की तो अभ्यास करतो की नाही. त्याचे उत्तर असे, की तो श्रम करीत होता, अभ्यास करीत नव्हता. दोष त्याचा थोडा आहे. आपण सर्वांनी त्याला फोनवर रोज 'किती तास बसलास?' एवढेच विचारले. मग तो तास मोजावयास शिकला."

बंधू काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी मुलास जवळ बोलावून ती तांबडी-काळी वही पाहिली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "एक वर्ष," ते म्हणाले. "शेवटचे. त्यानंतर निकाल काहीही लागो, नोकरी पाहावयाची. कबूल?" त्याने मान डोलावली. वर्षाची मर्यादा कडक होती. पण ती घातली हेही योग्यच झाले, असे आम्हांस वाटते. वये निघून जातात, आणि आशेलाही तिथी लागते.

मुंजीच्या दिवशी मातृभोजन झाले, बटूस उपदेश झाला, मंडळी पांगली. सायंकाळी दिवेलागणीस शुभंकरोती म्हणून झाल्यावर आमच्या वृद्ध मातुश्रींनी नव्या बटूस जवळ घेतले व म्हटले, "आता परवचा म्हण." पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे. आम्ही लहान असताना ओसरीवर रोज हा गजर होत असे. आजोबा मध्येच विचारीत, "सतरा नव्वे?" आणि आम्ही पाढ्याच्या ओघाबाहेर पडून उत्तर शोधीत असू. घरात दूरचित्रवाणी आली, दिवेलागणीची वेळ मालिकांकडे गेली, आणि परवचा कधी बंद पडला हे कोणासही कळले नाही. त्या सायंकाळी मात्र बटूच्या शेजारी सत्तावीस वर्षांचा पुतण्याही येऊन बसला. मातुश्रींनी त्याला विचारले, "तू रे काय म्हणणार?" तो म्हणाला, "आजी, मी आज शिकलेले तुला सांगतो. समजले नाही तर मला थांबव."

आजींनी त्याला पाच वेळा थांबविले.

पाणिनीच्या व्याकरणात धातूची द्विरुक्ती झाली असता तिच्या पहिल्या भागास 'अभ्यास' ही संज्ञा आहे. पहिल्या उच्चारास हे नाव मिळते, पण केव्हा, तर दुसरा उच्चार झाल्यावरच. आपल्या घरांतील मुलांचे पहिले वाचनही तेव्हाच अभ्यास ठरते, जेव्हा पुस्तक मिटून ते दुसऱ्यांदा त्यांच्या मुखातून वा लेखणीतून उमटते. तेवढी संधी त्यांना द्यावयास शिकवणीवर्ग लागत नाही, कप्प्यांची अभ्यासिका लागत नाही. दिवेलागणीची पंधरा मिनिटे आणि ऐकणारे एक माणूस लागते. आणि एकत्र कुटुंबात ऐकणाऱ्या माणसांची वाण असू नये.

पुतण्या ज्येष्ठात पुण्यास परत गेला. रोज रात्री नऊला त्याचा फोन येतो, तो मातुश्रींस. किती तास बसलास, हे आता त्यास कोणी विचारीत नाही. परीक्षेचा निकाल लागावयाचा आहे. तो काय लागेल हे सांगणे आमच्या हाती नाही. परंतु गेल्या आठवड्यात मातुश्री सहज बोलता बोलता म्हणाल्या, "सार्वजनिक सभा सत्तर साली, सत्यशोधक त्र्याहत्तर साली," आणि आमच्या वडील बंधूंनी वर्तमानपत्रावरून मान वर करून आमच्याकडे पाहिले, ते मात्र आमच्या कायम ध्यानात राहील.